न वाळणारा शेंदूर

मी मुकुट उचलला आणि माझी चारही बोटे त्यात रुतली.

"गुलाब, हा अजून ओला कसा?"

"ओला नाही जी मास्टर, असाच राहते तो," गुलाब पेंटर म्हणाला आणि माझ्याकडे पाहून हसला. शाबासकीची वाट पाहत होता बिचारा.

सकाळचे आठ वाजले होते. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पांढुर्ण्यात रामलीलेतले लंकादहन होते आणि हनुमानाच्या ड्रेसची ऑर्डर माझी होती. मुखवटा, मुकुट, छातीचे कवच, बाजूबंद आणि लांबलचक शेपटी. रंग सोडून सगळे काम मी स्वतः केले होते. शेपटी माझ्या दुकानात तयार होऊन पडली होती, बाकीचे सामान रंगवायला गुलाबकडे दिले होते. आणि आता माझा हात मनगटापर्यंत लालभडक झाला होता.

मी सौंसरचा टेलर. घर चालायचे ते शर्ट-पँटवर, पण खरी हौस नाटकाच्या ड्रेसची. तरुणपणी नागपूरला एका ड्रेपरीवाल्याकडे, म्हणजे नाटक मंडळींना पोशाख भाड्याने देणाऱ्याकडे, सहा वर्षे काढली होती. तिथे शिकलेली विद्या सौंसरात गंजत पडली होती. शाळेच्या गॅदरिंगला परीचे पंख आणि शिवाजीचा जिरेटोप, यापलीकडे काही निघत नसे. आमच्याकडचा हनुमान म्हणजे तेव्हा लाल बनियन, लाल लंगोट आणि मागे सुतळीची शेपटी. कुणाची तक्रार नव्हती.

मग टीव्हीवर रविवारी सकाळी रामकथा लागायला लागली. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी अख्खी गल्ली. लोकांना आता कवच पाहिजे, मुकुट पाहिजे, तोंडाला खरेखुरे वानराचे तोंड पाहिजे. पांढुर्ण्याच्या उत्सव मंडळाचे अध्यक्ष हरिभाऊ शेट, संत्र्यांचे मोठे व्यापारी, स्वतः माझ्या दुकानात आले. म्हणाले, "मास्टर, लाल बनियनवाला मारुती यंदा बंद. अन् शेपटी खरी पेटवाची हाय. गावानं कधी पाह्यलं नाही असं करू."

मला तर आनंदाने घाम फुटला. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली ते काम चालत दारात आले होते.

हे काम कसे होते तेही सांगतो. मातीचा साचा करायचा. मैद्याची खळ शिजवायची. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे खळीत भिजवून साच्यावर थरावर थर चिकटवायचे. वाळले की साच्यातून काढायचे. हलके आणि टणक होते. त्यावर सरस आणि खडूच्या भुकटीचे अस्तर लावून घोटायचे आणि मग रंग. कवचाला मांजरपाटाच्या चार घड्या, एकावर एक खळीने चिकटवलेल्या.

रंगात माझा हात कच्चा. गुलाबचा पक्का. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागचे मोर आणि पोळ्याच्या आधी बैलांची शिंगे, हे त्याचे काम. एका दमात सरळ रेघ ओढायचा. मी त्याला ऑइल पेंटचे दोन डबे नेऊन दिले, एक नारिंगी आणि एक सोनेरी, आणि निर्धास्त झालो. तीन दिवस फिरकलोच नाही. ही माझी पहिली चूक. दुसरी चूक पुढे येते.

"डबे कुठं आहेत?" मी विचारले.

"हे काय." डबे कोपऱ्यात होते. झाकणही उघडलेले नव्हते.

"मग हे काय फासलं?"

"शेंदूर जी. शनवारी जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाले गेलो होतो, तिथून आनला. तिळाच्या तेलात कालवला अन् लावला." मग तो गंभीर झाला. "मास्टर, तुमीच सांगा. ट्रकच्या मागं जो रंग मारतो, बैलाच्या शिंगाले जो मारतो, तोच मारुतीले मारू? डबा हातात घेतला, पन हातच नाही उठला माझा."

शेंदूर जवसाच्या तेलात कालवला तर वाळतो. तिळाच्या तेलात जन्मात वाळत नाही. म्हणूनच देवळातल्या मारुतीला कधीही हात लावा, बोट लाल होते. मूर्ती दगडाची असते, तिला ते चालते. माझा मुखवटा रद्दीचा होता. रद्दीने तेल पिऊन घेतले होते. कवचाचे मांजरपाट नरम पडले होते, मुकुटाची टोके खाली झुकली होती. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, अशी म्हण आहे. आमचे त्याहून वाईट झाले. करायला गेलो मारुती आणि झाला खरोखरच मारुती.

"काढ हे सगळं," मी ओरडलो. "आत्ताच्या आत्ता खरवडून काढ."

गुलाबने दोन्ही हात मागे घेतले. "नाही जी. एकडाव शेंदूर लागला त्याले मी खरवडू? मी काय, कोनीच नाही खरवडनार."

मी पटाशी उचलली आणि पुन्हा ठेवली. आम्ही बौद्ध. माझ्या दुकानात देवाची तसबीर नव्हती आणि मी मूर्तीपुढे हात जोडत नसे. राम, रावण, हनुमान मी सगळे शिवले, कारण मी शिवतो ते नटाच्या अंगाच्या मापाने. माझ्या लेखी तो कागद होता. पण गावाच्या लेखी तो आता कागद राहिला नव्हता, आणि मंडळाला न विचारता माझ्यासारख्याने तो खरवडला असता तर पुढे काय झाले असते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पटाशीवर, मानेवर, सदऱ्यावर शेंदूर लागला होता. मी मांजरपाटाच्या एका चिंधीने हात पुसले, चिंधी पिशवीत कोंबली आणि म्हणालो, "चल, सामान उचल. पांढुर्ण्याला जाऊ."

वाटेत दुकानातून शेपटी घेतली आणि बस पकडली. वर्तमानपत्रात गुंडाळावे तर कागद चिकटे. शेवटी मुखवटा आणि मुकुट गुलाबने उघडेच मांडीवर घेतले. झाले! पुढच्या सीटवरची बाई मागे वळली आणि तिने हात जोडले. तिच्या शेजारणीने टोपलीतले झेंडूचे फूल काढून मुकुटाला लावले. ते चिकटून बसले. एका म्हाताऱ्याने येऊन कवचावर डोके टेकवले आणि कपाळाला छाप घेऊन आपल्या जागी गेला. कंडक्टरने गुलाबला विचारले, "महाराज, कुठी स्थापना करून राह्यले?" गुलाब अभिमानाने माझ्याकडे पाही. मी खिडकीबाहेर संत्र्यांचे बगीचे पाहत होतो आणि दातओठ खात होतो. पांढुर्णा येईपर्यंत पाच फुले झाली होती.

हरिभाऊंचे गोडाऊन म्हणजेच मंडळाचे ऑफिस. एका बाजूला संत्र्यांच्या लाकडी पेट्या रचलेल्या, दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण. हरिभाऊंनी मुखवटा पाहिला आणि त्यांचे डोळेच विस्फारले.

"वा रे वा! मास्टर, हे तं साक्षात मारुती हाय! टीव्हीवाल्याले नाही जमलं असं!"

"हरिभाऊ, हा ड्रेस चालणार नाही."

"काहून?"

"आधी ट्रायल घेऊ, मग सांगतो."

हनुमान होणारा सुखदेव रेल्वेत गँगमन होता. दिवसभर रुळांवर घण मारणारा माणूस, आखाड्यात तयार झालेले अंग. सहा वर्षे तोच हनुमान व्हायचा. यंदा पेट्यांच्या एका उंच मांडणीवरून दुसऱ्या मांडणीवर त्याला पेटत्या शेपटीसह उडी मारायची होती. त्याची बायको कमला डबा घेऊन आली होती, ती दाराशी थांबली.

सुखदेवने कवच चढवले. पांढरी बंडी दोन मिनिटांत लाल झाली. मुखवटा लावल्यावर उकाड्याने आणि घामाने शेंदूर पातळ झाला आणि त्याच्या डोळ्यात उतरला. तो डोळा चोळू लागला, तर बोटांचा शेंदूर दुसऱ्या डोळ्यात गेला.

"काढा बाप्पा, जळजळ होऊन राह्यलं!"

मी मुखवटा ओढून काढला. त्याच्या ओठांवरही शेंदूर होता. गवयाला शेंदूर चारून आवाज घालवल्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. मी त्याला आधी चूळ भरायला लावली.

"थोडं पुसून घेऊ," हरिभाऊ म्हणाले. "एक दिवसाचा तं प्रश्न हाय."

"प्रश्न डोळ्याचा नाही. अंगावर तेलात भिजलेलं कापड आणि मागे पेटलेली शेपटी. एक ठिणगी उडाली तर?"

"देवाचा शेंदूर हाय, मास्टर. देवच पाहून घेईन."

दारातून कमला आत आली. मोठ्यांसमोर बोलायचा संकोच तिच्या तोंडावर दिसत होता, पण बोलली. "मास्टर भाऊ, खरं सांगा. हे पेटते का?"

मी पिशवीतली सकाळची चिंधी काढली, अंगणात नेली, एका खिळ्याला अडकवली आणि काडी लावली. चिंधी भडकली नाही. समईच्या वातीसारखी शांतपणे पेटली आणि पेटतच राहिली. मी फुंकली, विझेना. सुखदेवने वहाणेने दाबली, पुन्हा पेटली. शेवटी तिच्यावर बादली ओतावी लागली.

मी विजयी मुद्रेने गुलाबकडे वळलो. "पाहिलं? म्हणून ऑइल पेंट दिला होता तुला. शहाणपणा कोणी सांगितला होता?"

गुलाबचा चेहरा उतरला होता. पण तो हळूच म्हणाला, "मास्टर, तुमचा डबाही पेटवून पाहा न एकडाव."

ऑर्डर घेताना हरिभाऊंना रंग दाखवायला मी मांजरपाटाचा एक तुकडा ऑइल पेंटने रंगवला होता. नमुना. तो पिशवीतच होता. मी तो काढला, त्याच खिळ्याला अडकवला आणि काडी लावली.

भसकन पेट घेतला! काळा धूर निघाला, रंग वितळून थेंब थेंब खाली पडू लागला आणि प्रत्येक थेंब जमिनीवर पेटत होता. मी मागे सरलो. पाच मोजायच्या आत खिळ्यावर फक्त राख उरली.

मला इतकी लाज वाटली की आजही आठवले की कानाच्या पाळ्या गरम होतात. शेपटी पेटणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. शेपटीचे कापड मी तुरटीच्या दाट पाण्यात दोनदा भिजवून वाळवले होते, कारण तुरटीचे कापड पेट घेत नाही, काळे पडून विझते. नागपूरला शिकलेली ही पहिली गोष्ट. फक्त टोकाला तारेच्या जाळीत रॉकेलचा बोळा ठेवायचा, तेवढाच पेटायचा. इतकी अक्कल शेपटीला लावली आणि छातीवर मात्र बोर्ड रंगवायचा डबा दिला. का, तर नेहमी तोच देतो म्हणून. ही माझी दुसरी चूक. गुलाबने माझे ऐकले असते तर तो चकचकीत नारिंगी ड्रेस मी छाती फुगवून सुखदेवच्या अंगावर चढवला असता.

"म्हंजे दोन्ही बेकार," हरिभाऊ म्हणाले.

"मी माह्या मानसाले जाऊ देत नाही," कमला म्हणाली.

"तू चूप राह्य," सुखदेव म्हणाला.

"काहून चूप राहू? तुमी उडी मारसान, लोकं टाळ्या वाजवतीन, अन् मी काय करू?"

"आग बंद करा लागन," हरिभाऊ म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जीव नव्हता. खेड्याखेड्यांत रिक्षा फिरवून पेटत्या शेपटीची दवंडी दिली होती.

मला राहवेना. "थांबा. आग बंद नाही करायची. तिसरा रंग आहे," मी म्हणालो. "तेलाचा नाही, पाण्याचा. गेरू, पिवडी आणि सरस. पाण्यात तुरटी. पेटणार नाही. उद्या चार वाजेपर्यंत देतो. फक्त आधी हा शेंदूर निघाला पाहिजे. वरचे थर सोलावे लागतील."

हरिभाऊंनी मान हलवली. "शेंदूर लागलेलं सोलता येत नाही. अन् मास्टर, राग नोको मानू, पन तू तर हातच लावू नोको. लोकं काय म्हनतीन?"

राग आलाच. "मी साचा केला, मी कागद लावला, मी शिवला. तेव्हा माझे हात चालले. आता चालत नाहीत?"

"मी नाही म्हनत न. लोकं..."

"लोक बसमध्ये याच कवचाला डोकी टेकवत होते, हरिभाऊ. ते माझ्याच हातचे आहे."

ते खजील झाले. शेवटी म्हणाले, "महाराजाले बोलावू. ते म्हनतीन तसं."

जवळच्या मारुती मंदिराचे पुजारी आले. सत्तरीचे, बारीक अंगाचे, कानाला अंमळ जड, त्यामुळे सगळी हकिकत दोनदा मोठ्याने सांगावी लागली. त्यांनी मुखवट्याचे नाक बोटाने दाबून पाहिले. मग गुलाबला विचारले, "तेल कोन्तं?"

"तिळाचं, महाराज."

"पोरा, दगड आन् कागद यातला फरक तुले नाही समजत का?" मग हरिभाऊंकडे वळून म्हणाले, "प्रतिष्ठा झाली नाही, तवा ही मूर्ती नाही. पन लोकायनं हात जोडले, तवा खरवडून फेकायचंही नाही. आपल्या मंदिरातला मारुती चोला सोडते तवा काय करतो आपन?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मारुतीला वर्षानुवर्षे शेंदूर चढत जातो. थर जाड होतो, जड होतो आणि एक दिवस आपोआप गळून पडतो. त्याला देवाने चोला सोडला म्हणतात. लोक तो वाजतगाजत नेऊन नदीत सोडतात, आणि मूर्तीला नवा शेंदूर लागतो. त्यात कुणाला पाप लागत नाही.

"हा बी चोलाच," महाराज म्हणाले. "जरा लवकर सुटून राह्यला, एवढंच. सोडवा अन् माह्या ताटात द्या. मी जाम नदीत सोडतो."

"पन सोडवनार कोन?" हरिभाऊंनी विचारले.

"ज्याले कुठं काय जोडलं मालूम हाय, तो."

"पन महाराज, मास्टर तं..."

"मास्टर कोन हाय ते मले मालूम हाय. तू सोलतो म्हनशीन तं नाक तुटून हातात येईन, मग उद्या बिननाकाचा मारुती नाचवजो." आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "कर बाप्पा सुरू. मी स्तोत्र म्हनतो. तुले म्हनायची गरज नाही."

मला एकदम हसू फुटले. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी कामाचे बोलले होते!

शेजारच्या चांभाराकडून रापी मागून आणली. रापी म्हणजे चामडे कापायची रुंद, चपटी सुरी. मुखवट्याच्या कडेने, जिथे मी शेवटचे थर जोडले होते, तिथे पाते घातले. महाराजांचा आवाज चढत होता. तेल किती थरांपर्यंत उतरले आहे यावर सगळे अवलंबून होते. आरपार गेले असेल तर ड्रेस संपला, कारण नवा साचा करायला आठवडा लागतो. एक थर सुटला, तेलकट. दुसरा सुटला, तेलकट. तिसरा उचलला आणि खाली कोरडा, पिवळट कागद दिसला. वर्तमानपत्रातली अक्षरे वाचता येत होती.

"कोरडं आहे!" मी ओरडलो. "खालून कोरडं आहे!"

मग दोन्ही अंगठे आत सरकवले आणि सावकाश ओढत गेलो. कपाळ, भुवया, नाक, गाल, हनुवटी. अख्खा चेहरा एका तुकड्यात निघून आला, कात टाकावी तसा. गोडाऊनमधल्या हमालांनी आपसूक जयजयकार केला. महाराजांनी ताट पुढे केले, मी तो चेहरा ताटात ठेवला. त्यानंतर मुकुट, बाजूबंद आणि कवचाची वरची घडी. अर्ध्या तासात ताट भरले. गुलाब अनवाणी, ताट डोक्यावर घेऊन महाराजांच्या मागे नदीला गेला.

तो परत आला तोवर कमलाने चुलीवर खळ शिजवली होती. नवे दोन थर चढवले. कवचाला नवे मांजरपाट, तुरटीत भिजवलेले. ऑक्टोबरचे ऊन आणि गोडाऊनचा टिनाचा पत्रा! सगळे सामान पत्र्यावर चढवले. गुलाब वर बसून पापड फिरवावेत तसे एकेक नग फिरवत होता. ऊन कलण्याआधी मुखवट्यावर टिचकी मारली तर लाकडासारखा आवाज आला. मी वेड्यासारखा प्रत्येकाला टिचकी ऐकवत फिरलो.

सकाळी अस्तर वाळले आणि रंगाची वेळ आली. गुलाब ब्रश घेईना.

"तुमीच मारा, मास्टर. माह्यानं गडबड झाली."

"माझ्याने कमी झाली का? नमुना पेटला तो कोणाचा होता? ब्रश घे. मला सरळ रेघ येत नाही."

त्याने पायातल्या वहाणा काढल्या. रंग कालवायला मंदिरातल्या विहिरीचे पाणी आणतो म्हणाला. तेवढे मी चालवून घेतले. पाणी कुठलेही असो, पेटत नाही. आणि मग त्याने जे रंगवले! गेरूत पिवडी मिसळून असा उजेडाचा रंग काढला की ऑइल पेंटमध्ये तसा जन्मात निघाला नसता. भुवयांना काजळी, दातांना खडू, कवचावर सोन्याच्या जागी नुसती पिवडी आणि तपकिरी सावली. लांबून कुणाची छाती नव्हती ते सोने नाही म्हणायची. मी टेलर, तो पेंटर, आणि दोघेही एकमेकांना कोपराने ढोसत होतो.

पावणेचारला कमला आली. आल्या आल्या हात पुढे केला. "नमुना द्या."

त्याच कापडाचा, त्याच रंगाचा तुकडा तयार ठेवला होता. तिने स्वतः काडी लावली. कड काळी पडली आणि विझली. तिने दुसरी काडी लावली. विझली. तिसरी काडी ती बोट भाजेपर्यंत धरून राहिली. तुकड्याला तपकिरी डाग पडला, ज्योत नाही धरली. तिने तुकडा पदराला बांधला आणि नवऱ्याला म्हणाली, "जा आता."

कापसाच्या जिनिंगच्या मैदानावर त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बैलगाड्या, ट्रॅक्टर, झाडांवर माणसे. मी आणि गुलाब स्टेजच्या कडेला, दोघांच्या हातात एकेक ओले पोते. रावणाने हुकूम दिला, राक्षसांनी बोळा पेटवला, सुखदेवने गर्जना केली आणि पेट्यांवर चढला. शेपटी मागून सळसळत गेली. पहिली उडी! मैदान ओरडले. दुसरी उडी! कागदी लंका भडकली. तिसऱ्या उडीला शेपटीने झोका खाल्ला आणि जाळीतून पेटत्या बोळ्याचा एक गोळा सुटून सरळ सुखदेवच्या छातीवर येऊन चिकटला.

मी पोते घेऊन धावलो. ती दहा-बारा पावले संपता संपेनात. मला दिसत होते ते फक्त छातीवरचे जळते रॉकेल. मी पोहोचायच्या आत सुखदेवने खाली पाहिले, पंजाने तो गोळा झटकला आणि छाती पुढे काढून "बोल सियावर रामचंद्र की" अशी आरोळी ठोकली. हजारो लोकांनी "जय" म्हटले. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. मी पोत्यासह स्टेजच्या मधोमध उभा होतो. एक राक्षस मला म्हणाला, "मास्टर, तुमी हटा न, दिसून नाही राह्यलं."

दुसऱ्या दिवशी ड्रेस आवरून ठेवताना मी कवच उजेडात धरले. काळजाच्या जागी वाटीएवढा करपलेला डाग होता. रंग गेला होता, वरची घडी कुरकुरीत झाली होती. खालचे तीन पदर शाबूत. मी तो डाग गुलाबला दाखवला, गुलाबने सुखदेवला. सुखदेवने बोटाने चाचपला आणि तो पेटीवर बसला.

त्यानंतर धंदा सोडेपर्यंत मी किती ड्रेस केले त्याची गणती नाही. आगीचे काम असो वा नसो, रंग मारायच्या आधी नमुन्याला काडी लावायची, हा माझा नेम राहिला. गिऱ्हाईक हसायचे. मी हसू द्यायचो. गुलाबची चूक भक्तीची होती आणि माझी सवयीची. त्याची निदान हाताला लागत होती. माझी चकचकीत वाळून, कुणाच्याही नजरेस न येता, सुखदेवच्या अंगावर चढली असती.